बेटावरची रोपं

डांबरगोळ्यांचा वास आला की कॉलेजातली वाळवलेल्या रोपांची कपाटं आठवतात, आणि पाठोपाठ पवनीजवळचं वैनगंगेतलं ते खडकाळ बेट. तिथल्या ओल्या खडकावर मला पांढऱ्या गुंडीसारख्या फुलांची बोटभर रोपं सापडली होती. काठावरच्या भाऊबंदांहून ती वेगळी दिसत. पिढ्यानपिढ्या बेटावर एकटी वाढून तशी झाली असावीत. पण "पिकलेलं बी पाहिल्याशिवाय नवी जात म्हणता येत नाही," असं कॉलेजातले माझे सर म्हणाले, म्हणून मी थांबले. दिवाळीनंतर गेले तेव्हा नावाडीकाकांनी डोंगा नदीच्या मधोमध थांबवला. "इथंच होतं बेट. धरणाचे दरवाजे बंद केले, पाणी चढलं." मी वाकून हात घातला, खांद्यापर्यंत बुडाला, तरी खडक लागला नाही. "मागच्या खेपेलेच काहून नाई उपटून नेलं, बाई?" "दोन रोपं नेली होती, काका. बी कच्चं निघालं." "मंग आता त्याले नाव नाई भेटन?" मी ओला हात पुसला. काकांनी डोंगा वळवला. आज मी स्वतः वनस्पतींचं वर्गीकरण शिकवते. काकांना तेव्हा काय सांगायला हवं होतं, ते मला अजून सुचलेलं नाही.