नारळ तर खरा होता ना

आमच्या पक्षाचा झेंडा म्हणजे माझ्या आईचा जुना परकर होता. आईला हे फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर ती जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एकोणीसच्या लोकसभेआधीचा हिवाळा होता. मी डहाणूच्या कॉलेजात मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला होते. जाहिरात हा विषय शिकवणाऱ्या मॅडमनी ग्रुप प्रोजेक्ट दिला: एक काल्पनिक पक्ष काढा, एक काल्पनिक उमेदवार उभा करा आणि त्याच्या प्रचाराची दोन मिनिटांची व्हिडिओ जाहिरात बनवा. अट एकच. खऱ्या पक्षाचं नाव, चिन्ह, रंग, काहीही त्यात दिसता कामा नये.

आमच्या ग्रुपात तिघं होतो. मी चिखल्याची, चिकूच्या वाडीत वाढलेली, आणि हुकूम सोडायची सवय जन्मापासूनची, म्हणून दिग्दर्शक. दुसरा डहाणू गावातला, घरात गुजराती बोलणारा. त्याच्या काकांचा लग्नाचे फोटो काढायचा धंदा, म्हणून कॅमेरा त्याच्याकडे. सगळा वर्ग त्याला कॅमेरेवालाच म्हणायचा. तिसरी माझी जिवाभावाची मैत्रीण, विवळवेढ्याच्या पुढे, तलासरीच्या वाटेवर हायवेपासून आत एका पाड्यावर राहणारी. ती बोलायची कमी, पण बोलली की आमची बोलती बंद व्हायची.

रंगावरूनच पहिलं भांडण. भगवा नको, हिरवा नको, निळा नको. लाल म्हणाल तर तलासरी म्हणजे लाल बावट्याचा बालेकिल्ला, त्याचं नावसुद्धा काढायची सोय नाही. "पिवळा घेऊया," कॅमेरेवाला म्हणाला, तर मैत्रिणीनं तोही कुणाचा तरी आहे हे दाखवून दिलं. शेवटी मी म्हटलं, चिकूचा रंग! जगात एवढ्या पार्ट्या आहेत, पण मातकट तपकिरी रंगाला अजून कुणी हात लावलेला नाही. आमच्या घरी त्या रंगाचं कापड एकच होतं. दोरीवर वाळत होतं.

चिन्ह घेतलं बेडणी. म्हणजे चिकू उतरवायचा लांब बांबू, टोकाला जाळी असलेला. मैत्रीण म्हणाली, "आमच्या पाड्यावर चिकूचं एक झाड नाही." मग स्वतःच म्हणाली, "पण बेडणी सगळ्यांना येते. तुमच्याच वाड्यांत धरतात ना." बेडणी आमच्या घरची आणि हात तिच्या पाड्याचे, एवढं दोघींना पुरलं आणि चिन्ह ठरलं.

हे सगळं गमतीचं चाललं होतं खरं, पण एक गोष्ट अजिबात गमतीची नव्हती. मैत्रिणीची हजेरी. पूर्वी पाड्यावर सकाळची एसटी यायची आणि ती पहिल्या लेक्चरला वेळेत पोचायची. दिवाळीनंतर ती गाडी बंद झाली. उरली जीप, आणि जीप भरल्याशिवाय हलत नाही. दोन माणसं कमी असली की ड्रायव्हर बिडी पेटवून बसणार, त्यातलं एक माणूस चप्पल शोधत घरातून निघणार, आणि तोवर इकडे मॅडम हजेरी घेऊन मोकळ्या. रोज तिचा नंबर पुकारला जायचा आणि मी दाराकडे बघायची. जानेवारीत मॅडमनी तिला बोलावून सरळ सांगितलं, यापुढे एकही सकाळ बुडाली तर परीक्षेला बसता येणार नाही. घरी वडिलांचं म्हणणं त्याहून सरळ होतं. परीक्षाच नसेल तर कॉलेज कशाला? पाड्यावरच्या बाकीच्या मुली जातात तशी गुजरातेत कंपनीत कामाला जा.

तिनं हे मला कॅन्टीनमध्ये वडापाव खाता खाता सांगितलं आणि लगेच विचारलं, "उमेदवार कोणाला करायचं?" मला इतका राग आला होता की काय सांगू! कोणावर, तेच कळत नव्हतं.

उमेदवार तिनंच शोधली, तिची मावशी. मावशी लग्न होऊन त्याच पाड्यावर आलेली, कासाच्या बाजारात भाजी घेऊन बसायची. आवाज असा की बाजाराच्या या टोकाला मिरची म्हणाली की त्या टोकाला ठसका लागावा. मी तिला एकदा ऐकलं आणि म्हटलं, हीच!

रविवारी शूटिंग. जागा मी निवडली, विवळवेढ्याच्या अलीकडे एक मोकळं रान, एका अंगाला महालक्ष्मीचा डोंगर अख्खा दिसतो. फ्रेम कसली देखणी! पाड्यावरचे लोक श्रोते म्हणून आले होते, म्हाताऱ्याकोताऱ्या, पोरं, दोन कुत्री. मावशीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. बाजूला बेडणीला आईचा परकर बांधून रोवला होता आणि वाऱ्यानं तो असा काही फुगत होता की मला दुसरीकडे बघावं लागत होतं.

मी रात्र जागून भाषण लिहिलं होतं. विकासाची गंगा, तळागाळातला माणूस, सगळं ठासून भरलेलं. मावशीनं दोनदा प्रयत्न केला आणि कागद परत माझ्या हातात दिला. "पोरी, हे काय मला जमायचं नाय. गंगा कुठली आणू मी इथं?"

"मग तुम्हाला जे द्यावंसं वाटतं ते सांगा," मी म्हटलं. "पण जोरात."

तरी काहीतरी अडत होतं. तिचे हात. भाषण करताना ते नुसते लोंबत होते. इतक्यात माझी नजर नारळावर गेली. प्रचाराचा नारळ फोडताना दाखवायचा म्हणून डहाणूहून एक आणला होता. मी तो तिच्या दोन्ही हातांत दिला आणि म्हटलं, "मावशी, आता डोंगराकडे बघून बोला, म्हणजे उजेड तोंडावर येईल."

तिनं नारळाकडे बघितलं, डोंगराकडे बघितलं. तिचा चेहरा एकदम बदलला. मी मनात म्हटलं, वा, काय अभिनय आहे!

"मी काय मोठं देनार," ती म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता, खाली उतरला होता. "सकाळची गाडी पाड्यावर परत येईल. पोरी शिकायला जातील. मी आणीन गाडी. आई, तू ऐकते आहेस."

मी ओरडले, "कट!" कॅमेरेवाल्यानं टाळ्या वाजवल्या. पण बाकी कुणीच वाजवल्या नाहीत. म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत होत्या आणि मैत्रिणीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"आता?" मावशीनं विचारलं.

"आता काय, झालं! चहा पिऊ."

"झालं कसं? नारळ हातात दिला, आईकडं तोंड करायला लावलं, नि बोलवून घेतलं. आता ते खरं करायला लागेल."

मैत्रिणीनं मला बाजूला ओढलं. "अगं बाई, काय केलंस तू! नारळ धरून महालक्ष्मीसमोर बोललेलं परत नाही घेता येत. आमच्याकडे लोक भांडणं अशी मिटवतात." मी चिखल्याची, वर्षाला एकदा यात्रेला येऊन पाळण्यात बसून जाणारी. मला काय कल्पना! मला फक्त उजेड पाहिजे होता.

कॅमेरेवाला समजूत घालायला पुढे झाला. गडबडला की तो गुजरातीवर जायचा. "मासी, आ तो ॲक्टिंग छे!"

मावशी त्याला म्हणाली, "तुझी ॲक्टिंग असेल रे. नारळ तर खरा होता ना?"

तो ट्रायपॉड आवरायला लागला. मावशीनं नारळ पदरात बांधला, गाडी येईल तेव्हाच फोडीन म्हणाली, आणि जाताना झेंडाही उचलून नेला. "हा पन लागेल."

मी घरी येऊन नुसती येरझाऱ्या घालत होते. आता मावशी कुणाच्या पाया पडत हिंडणार? पण मावशी असल्या मातीची नव्हती. तिनं डोकं लावलं होतं, ते मैत्रिणीनं रात्री फोनवर सांगितलं. गाडी बंद झाली तेव्हा कंडक्टर तिला बोलला होता की पाड्यावर माणसंच चढत नाहीत, रिकामी गाडी किती दिवस फिरवणार? आणि खोटं नव्हतं ते. जीप दाराशी येते म्हणून लोक जीपमध्येच बसत होते. रविवारी संध्याकाळी ती घरोघर फिरली आणि सगळ्यांना एकच सांगितलं, उद्यापासून जीपला हात करायचा नाही. हायवेच्या फाट्यावर यायचं आणि डहाणूला जाणारी एसटी थांबवायची. मी बोलून बसले आहे, आता मला तोंडघशी पाडू नका.

सोमवारी पहाटे कॅमेरेवाला स्कूटर घेऊन मला न्यायला आला. थंडीनं दात वाजत होते. फाट्यावर पोचलो आणि बघतो तर काय, अख्खा पाडा उभा! भाजीच्या टोपल्या, शाळेची दप्तरं, कासाच्या दवाखान्यात जाणाऱ्या दोन बाळंतिणी, मजुरीला निघालेले बापे. मैत्रीण सगळ्यांच्या मधोमध, लाजेनं अर्धी झालेली. आणि पुढे मावशी, हातात बेडणी, बेडणीवर आईचा परकर!

जीपवाला येऊन उभा राहिला. हॉर्न वाजवला. कुणी हललं नाही. परत वाजवला. मग तो खाली उतरला, काय प्रकार आहे म्हणून विचारलं, आणि कळल्यावर हसत हसत तोही बिडी पेटवून गर्दीत उभा राहिला. "बघू तरी येते का," म्हणाला.

एसटी आली ती लांबूनच हळू झाली. निवडणुकीचे दिवस, रस्त्यावर जमाव, वर झेंडा, आणि झेंडाही कुठल्या पार्टीचा ते ओळखू येईना. ड्रायव्हरनं गाडी अलीकडेच उभी केली. कंडक्टर अर्धा दारातून बाहेर येऊन ओरडला, "काय मावशी, रास्ता रोको आहे काय? कुठल्या पक्षाचे तुम्ही?"

"पक्ष-बिक्ष काय नाय," मावशी म्हणाली. "आमाला तिकिटं द्या."

कंडक्टर जो हसत सुटला! चढा, चढा म्हणाला, टोपल्या स्वतः आत घेतल्या. बेडणी काही केल्या आत जाईना, तेव्हा ती माझ्या हातात देऊन मावशी चढली. मैत्रिणीला खिडकी मिळाली. आम्ही दोघं स्कूटरवरून मागे मागे, मी परकराचा झेंडा धरून. चारोटीच्या नाक्यावर लोक वळून वळून बघत होते आणि आम्ही हसून हसून बेजार.

पण मावशीनं नारळ काही फोडला नाही. "गाडी थांबली. आली कुठं?" ती म्हणायची. म्हणून रोज तेच. रोज फाटा, रोज गर्दी, रोज झेंडा. कंडक्टरसुद्धा आमचाच कार्यकर्ता झाला. डेपोत जाऊन रोज सांगायचा, साहेब, एका पाड्याची माणसं मला गाडीत मावत नाहीत.

दरम्यान आम्ही व्हिडिओ सादर केला. वर्गात अंधार करून दाखवला. मावशी "आई, तू ऐकते आहेस" म्हणाली तेव्हा मागच्या बाकांवरच्या टवाळ मुलांनीही मोबाईल खाली ठेवले. मॅडम मात्र शेवटी चष्मा काढून म्हणाल्या, "छान आहे. पण अरे, तुमच्या उमेदवारानं मत कुठे मागितलंय?" खरंच की! अख्ख्या जाहिरातीत 'मत द्या' हे राहूनच गेलं होतं. मार्क कापले गेले, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

मग एका सकाळी मी वर्गात बसले होते. मॅडम हजेरी घेत होत्या. मैत्रिणीची जागा रिकामी. फाट्यावरून ती रोज वेळेत येत होती, आज काय झालं? एक सकाळसुद्धा बुडाली तर संपलं होतं. तिचा नंबर जवळ येत चालला. मी दाराकडे बघत होते, कॅमेरेवाला दाराकडे बघत होता. नंबर पुकारला गेला. मॅडमनी मान वर केली, पेन खाली टेकवलं.

"हजर!"

दारातून एवढ्या जोरात ओरडली ती की पुढच्या बाकावरची मुलगी दचकली. जन्मात कधी वरच्या आवाजात न बोललेली ही पोरगी, पण त्या दिवशी आवाज थेट मावशीचा लागला. धापा टाकत होती, केस विस्कटलेले, कपाळावर कुंकवाचा फराटा.

"आज उशीर का?" मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, गाडी पाड्यावर आली होती. आत, आमच्या दारापर्यंत. नारळ फोडल्याशिवाय मावशी गाडी सोडेना."

तिनं ओढणीची गाठ सोडली आणि खोबऱ्याचा तुकडा मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडमनी तिच्याकडे बघितलं, तुकड्याकडे बघितलं. मग तो तोंडात टाकला आणि खोबरं चावत चावत तिची हजेरी लावली.