सुदामने न घेतलेली गाडी

फोनवर सुदामचंच नाव दिसत होतं, म्हणून उचलता उचलताच मी विचारलं, "उतरलास का रे घाट?" पलीकडचा आवाज सुदामचा नव्हता. कशेडी घाटातल्या एका टपरीवाल्याचा होता. "फोन रस्त्यावर पडलेला व्हता. शेवटचा नंबर तुमचा, म्हणून लावला," तो म्हणाला आणि मग खाली गेलेल्या ट्रकचं सांगितलं. मे महिन्याची अखेर, सकाळचे साडेदहा, लख्ख ऊन. हे मुद्दाम लिहितो आहे. आमच्याकडे घाटात कोणी गेलं की लोक पावसावर ढकलून मोकळे होतात. त्या दिवशी पाऊस नव्हता, धुकं नव्हतं, रस्ता कोरडाठाक होता. ट्रक डाव्या अंगाला खाली गेला होता आणि त्याला जोडलेली चाकांवरची खोली हूक तुटून वर रस्त्याच्या कडेला, जराशी कलून, तशीच उभी होती. तिच्या खिडकीची काचसुद्धा फुटली नव्हती.

पुढे पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, त्याला श्रद्धांजली वाहताना, मी वीस मिनिटं बोललो. सुदाम किती कष्टाळू होता, किती सरळ होता, आईची सेवा कशी करायचा. सगळं खरं होतं आणि तरीही मी काहीच बोललो नव्हतो. लोकांनी डोळे पुसले. कोणीतरी म्हणालंही, बोलावं तर गुरुजींनीच. मला तिथे उभ्या उभ्या स्वतःची किळस आली. जे तिथे बोलायला जीभ उचलली नाही, ते इथे लिहितो आहे.

सुदाम आणि मी पोलादपूर तालुक्यातल्या एकाच बौद्धवाडीतले, कुडपणच्या वाटेवरच्या. मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा. मी शिकलो, महाडला माध्यमिक शाळेत मास्तर झालो, तिथेच घर केलं. तो नववीतून उठला आणि हायवेलगतच्या एका गॅरेजात पाने उचलून द्यायला लागला. पुढे पोलादपुरात त्याचं स्वतःचं गॅरेज झालं आणि तो सुदाम मेस्त्री झाला. मला सगळ्यांसारखा तोही 'गुरुजी'च म्हणायचा, पण अरेतुरे सोडलं नाही. "गुरुजी, तू बस खाली, तुला काय कळत नाय," हे त्याचं लाडकं वाक्य. मी वाडीत भूत, नजर, उतारा यांच्याविरुद्ध भाषण ठोकून आलो की तो हसायचा. म्हणायचा, "बोल बोल. निदान तुझ्या भीतीनं तरी लोक लिंबू झाकून ठेवतात."

जुनी गाडी पारखावी तर सुदामनेच, असं माणगावपासून पार घाटापलीकडच्या खेडपर्यंत मानलं जायचं. मालकाला त्याचा निरोप असे, मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. गेल्या गेल्या तो बॉनेटवर तळहात ठेवी. गाडी गरम लागली तर तिथूनच परत. डिझेल इंजिनाचं दुखणं थंडीत कळतं, गरम केलेलं इंजिन खोटं बोलतं, असं तो म्हणे. मग गाडी चालू करून ऑइलचं झाकण काढायचा आणि धूर किती येतो ते बघत बसायचा. चेसिसखाली उताणा शिरून कुठे वेल्डिंग मारलंय का ते बोटांनी चाचपायचा. मीटरवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, क्लचच्या पेडलचं रबर किती झिजलंय ते तो बघायचा. आणि शेवटी मालकाला चहाला पाठवून ड्रायव्हरशी बोलायचा.

या धंद्यात आमच्याकडे एक रीत आहे. गाडी ठरवताना घेणारा आणि विकणारा यांच्याखेरीज तिसरा माणूस लागतो. सगळं बघून झालं की तो बॉनेटवर हात ठेवतो आणि 'घे' किंवा 'नको' म्हणतो. त्याचा 'नको' आला की विषय संपला, घासाघीस नाही, पुन्हा विचारणं नाही. तीस वर्षं सुदाम दुसऱ्यांसाठी हा तिसरा माणूस होता. त्याचं म्हणणं असं की ज्याला गाडी हवी असते तो आंधळा असतो. "आपली गाडी आपल्या डोळ्यानं बघायची नाय, गुरुजी. मन गुंतलं की खोट दिसत नाय." दुसऱ्यांना सांगायला हे ठीक होतं. वाईट हे की तो स्वतःही ते पाळायचा.

त्याची आई तीन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली. उजव्या अंगावरून वारं गेलेलं. वाडीच्या वर डोंगराला भेग पडल्यापासून दर पावसाळ्यात घरं सोडायची नोटीस येते आणि वाडी चार महिने खाली शाळेच्या खोल्यांत राहायला जाते. गेल्या वर्षी एका खोलीत चार कुटुंबं होती. मध्ये लुगड्यांचा आडोसा. आईला विधीसाठी उचलून पटांगण ओलांडून न्यावं लागायचं, सगळ्यांच्या देखत, पावसात. बाईनं सहन केलं आणि घरी परत आल्यावर अडखळत्या जिभेनं सांगून टाकलं, "येत्या पावसात डोंगराखाली मरंन... पण त्या शाळंत नाय जायची." सुदाम तिला ओळखून होता. ती जाणार नव्हती.

तेव्हा त्याला घाटापलीकडची ती खोली आठवली. रस्त्याच्या कामावरच्या इंजिनिअर लोकांना राहायला ठेकेदाराने चाकांवरच्या खोल्या आणल्या होत्या. पत्र्याच्या, आत दोन बाकडी, बाजूला संडास-न्हाणी. काम संपलं तशी एक तिथेच गवतात पडून होती. ती सुदामने घेतली. विचार साधा होता. पावसाळ्यात खोली पोलादपुरात गॅरेजच्या आवारात ठेवायची आणि भातं कापायला आली की वाडीत दारासमोर न्यायची, कारण आई आठ महिने तिच्या दारातच राहणार, त्यात तडजोड नव्हती. म्हणजे दर वर्षी दोनदा हे धूड ओढायचं. वाडीच्या रस्त्यावर असली ओढ घेऊन भाड्याने कोणी येईना. तेव्हा ओढायला स्वतःचा एक जुना ट्रक हवा, आणि तो जूनच्या आत.

आता त्याला स्वतःसाठी तिसरा माणूस लागणार होता. त्याने मला धरलं. मी म्हणालो, अरे मला टायर आणि स्टेपनीतला फरक कळत नाही. "इंजिन मी बघतो. तू माणसं बघ, आणि शेवटी मनाला काय वाटतं ते सांग." मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. ज्या विद्येत मी आयुष्यभर ढ होतो, तिच्यात सुदाम मेस्त्रीने मला परीक्षक नेमलं होतं.

चार गाड्या त्याने स्वतःच बाद केल्या. पाचवी महाडच्या औद्योगिक वसाहतीमागे उभी होती. जुनी, सहाचाकी, दिसायला ओबडधोबड आणि वजनाला भारी. सुदाम तिच्याभोवती दोन तास होता. चेसिसखालून बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर एवढं समाधान मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. "ही हाय बघ," तो म्हणाला. मी सहज मालकाला विचारलं, एवढी चांगली गाडी वर्षभर पडून का? मालक सरळ माणूस. त्याने सांगितलं की त्याचा ड्रायव्हर याच गाडीत गेला. अपघात नाही. चालवता चालवता छातीत कळ आली, त्याने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि स्टीअरिंगवर डोकं टेकलं. तेव्हापासून गिऱ्हाईक येतं, ऐकतं आणि जातं.

मी दरवाजातून आत पाहिलं. सीटला नवं कव्हर घातलेलं होतं. का कोण जाणे, त्याला हात न लावता मी दरवाजा लोटून दिला. सुदाम माझ्याकडे बघत होता. मी बॉनेटवर हात ठेवला... आणि म्हणालो, "नको."

"का?"

"आईसाठी घेतोस. असली गाडी नको."

त्याने हात पँटला पुसले. मग म्हणाला, "गुरुजी, तू पण?" त्यात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. मी नजर चुकवली. तीस वर्षं विहारात उभा राहून मी लोकांना विज्ञान सांगत होतो, आणि एका सीटच्या कव्हरला घाबरलो. परत येताना टपरीवर त्याने एकदाच विषय काढला. "ओढायला कुठलीपण गाडी ओढंल. उतारावर मागचं धूड पुढच्याला ढकलतं, तेव्हा धरून ठेवायला पुढची गाडी वजनदार लागते." आणि मी त्याची चेष्टा केली. म्हटलं, मग तू मेस्त्री कसला, हलक्या गाडीने उतरवून दाखव. तो हसला. 'नको' म्हटलेली गाडी तो घेणार नव्हता हे मला पक्कं ठाऊक होतं. शब्द परत घ्यायला मला अख्खा मे महिना होता.

मे सरत आला तेव्हा त्याने चिपळूणची एक गाडी घेतली. तीनचार वर्षं वापरलेली, चढावर तुरुतुरु चालणारी, पण अंगाने हलकी. तिच्यात कोणी मेलेलं नव्हतं. मी हसत हात ठेवला आणि 'घे' म्हणालो. वजन यावं म्हणून सुदामने मागच्या हौद्यात वाळूची पोती भरली. घाटाखालच्या नव्या बोगद्यातून यायला मी सांगितलं तर म्हणाला, "आत बंद पडलो तर लोकांची वाट अडंल. जुन्या घाटानं सावकाश येतो." सोबत यायला मी तयार होतो. नको म्हणाला. ओढकामाच्या वेळी गाडीत दुसरं माणूस बसवायचं नाही, हा त्याचा आणखी एक नियम.

जड गाडी असती तर तो वाचला असता का? घाटातल्या ड्रायव्हरांना मी विचारलंय. कोणी हो म्हणतं, कोणी म्हणतं हूकच कच्चा होता, कोणी म्हणतं वेळ आली होती. हे शेवटचं मी पूर्वी कोणाला बोलू दिलं नसतं. आता ते ऐकायला बरं वाटतं, यावरून माझी काय गत झाली आहे ते समजा.

पंधराएक दिवसांनी ती खोली घाटातून खाली आणायची ठरली. जूनची नोटीस दारात येऊन पडली होती आणि आई हलायला तयार नव्हती. सुदामच्या गॅरेजमधल्या माणसांनी एक ट्रक मिळवला. मी कशेडीत पोचलो आणि गाडी ओळखली. महाडचीच ती, मी नाकारलेली. बांधकामाच्या चिऱ्याचा धंदा करणाऱ्या कोणीतरी घेतली होती. पुढे झेंडूची माळ, आत गाणी लावलेला हसरा ड्रायव्हर. खोली जोडली आणि ती उतरू लागली. मी मागून रिक्षात. प्रत्येक वळणावर मी पुढे वाकून बघत होतो. खरं सांगू? काहीतरी व्हावं, असं मला वाटत होतं. गाडीने निदान एकदा डगमगावं, ब्रेक चिरकावेत, म्हणजे माझा 'नको' अगदीच फुकटचा ठरणार नाही. एका माणसाच्या जिवावर मी मनात हा जुगार खेळत होतो. ती गाडी पोलादपुरात उतरली, गॅरेजच्या आवारात वळली आणि थांबली. काहीही झालं नाही.

आई आता त्या खोलीत आहे. यंदा डोंगर खाली आला नाही, अजून तरी. गेल्या आठवड्यात मी गेलो तेव्हा पहिल्यांदा आत पाऊल टाकलं. खोली घेतल्यापासून दर रविवारी घाट ओलांडून सुदाम तिथे काय करत होता, ते मला तोवर माहीतच नव्हतं. बाकड्यापासून संडासापर्यंत भिंतीला त्याने एक लोखंडी नळी बसवली आहे, बरोबर डाव्या हाताला येईल अशी, कारण आईचा डावाच हात चालतो. हाताला गार लागू नये म्हणून नळीवर सायकलच्या ट्यूबचं रबर चढवलंय. म्हातारी तिला धरून एकटी उठते. तीन वर्षांत पहिल्यांदाच ती कोणाला हाक न मारता विधीला जाते.

सुदामची बायको कमल दारात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गुरुजी, भातं झाली की आईंना वर न्यायचं हाय. त्या ऐकायच्या नायत. म्हणजे गाडी लागंल. हात ठेवायला कोणाला नेऊ?"

मी तिला सगळं सांगितलं. महाडची गाडी, सीटचं कव्हर, माझा 'नको'. ती तांदूळ निवडत राहिली.

"माला ठावं हाय," ती म्हणाली. "त्याच दिवशी घरी येऊन बोलले. गुरुजी भ्याला, म्हणले. त्याला नेला ही चूक माझी, पण आता त्याचा शब्द मोडायचा नाय."

मला बसवेना. उठता उठता मी म्हणालो, "कमल, मला नेऊ नकोस. मला गाडीतलं काही कळत नाही."

तिने सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"ह्ये तवा बोलायचं व्हतं, गुरुजी," ती म्हणाली आणि आईंना औषध द्यायला आत गेली.