माझ्या आवाजातले दाजी

मंगळवारी दाजींचं ऑपरेशन झालं. घशाचा कॅन्सर होता, म्हणून डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. त्यानंतर दाजी बोलले नाहीत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. आणि त्यांच्याइतका बोलणारा माणूस गुलमंडीच्या बाजारात कधी झाला नाही, हे मी त्यांच्या शत्रूंनाही विचारून सांगतो. आपल्या कापड दुकानात गादीवर बसून ते रस्त्यापलीकडच्या गिऱ्हाइकाशी भाव करत, मधल्या रिक्षावाल्याला "अबे, आँखां घरपे रखके आया क्या?" म्हणत, आणि त्याच दमात आत चहा सांगत. फुलंब्रीच्या चुलतभावाशी फोनवर असे ओरडत, की मध्ये फोन कशाला हवा होता असं वाटे. मी याच्या अगदी उलट. कॉलेजात ग्रंथपाल होतो. नोकरीभर "हळू बोला" एवढंच म्हणालो, तेही पाटी लावून. दाजी चारचौघांत सांगत, "आमचे सालेसाहेब बोलत नायत. त्यांना उघडून वाचावं लागतं." लोक हसत. मीही हसे, आवाज न करता.

ऑपरेशननंतर त्यांच्या लेकीनं, मंजूनं, त्यांच्या फोनवर एक सोय करून दिली. आपण टाइप करायचं, फोन बोलतो. पण फोनमध्ये बाई होती, आणि बाई फार सुसंस्कृत होती. पहिल्याच दिवशी दुकानात दाजींनी एका चिवट गिऱ्हाइकाला "येडा समजतो का बे मला?" असं टाइप केलं, आणि बाईंनी ते बँकेतून बोलावं तसं मार्दवानं विचारलं. गिऱ्हाईक हसलं. समोरचे दुकानदार हसले. दाजी गादीवरून उठले, घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. दिवाळीचा धंदा आला, तरी दुकानाकडे फिरकले नाहीत. आक्का मला म्हणाली, "दुकान सुटलं तर हा माणूस जगायचा नाय रे."

मंजूनंच मग शोधून काढलं, की फोनला माणसाचा स्वतःचा आवाजही शिकवता येतो. थोडं रेकॉर्डिंग हवं. जो आवाज जन्मभर अख्ख्या गल्लीनं सोसला, त्याचं रेकॉर्डिंग कुठंच निघेना. लग्नांच्या व्हिडिओंत दाजी तोंड हलवताना दिसत, वरून सनई. तेव्हा दुसऱ्या कुणाचा तरी आवाज घ्यायचं ठरलं. दाजींचे भाऊ म्हणाले, आवाज दिला की आयुष्य घटतं. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी काही बोललो नाही, आणि तो होकार धरला गेला. माझ्या आयुष्यातले बहुतेक निर्णय असेच झाले आहेत, लग्नासकट.

रेकॉर्डिंग दुकानाच्या माळ्यावर झालं, कारण कापडाच्या गठ्ठ्यांत आवाज घुमत नाही. मंजूनं दिलेली वाक्यं मी वाचली. "आज हवा छान आहे." "मला पाणी हवे आहे." समोर बसलेल्या दाजींचा चेहरा उतरत चालला. मग त्यांनी स्वतःच वाक्यं लिहून दिली; दुकानातली, रस्त्यावरची, काही छापता न येण्याजोगी. मी तीही वाचली, पूर्णविराम सांभाळून. दाजींनी कपाळाला हात लावला, टाइप केलं, आणि बाईंनी गोड आवाजात मला विचारलं, "सालेसाहेब, शिवी देताय का श्रद्धांजली?"

मला राग आला. दाजी बोलले असते तर गिळला असता. परक्या बाईनं विचारलं म्हणून आला. मी ओरडलो, "मग आणा ना दुसरा कुणी! मी काय तुमचा नोकर लागलो व्हय?"

खाली दुकानातली कुजबुज थांबली. "मामा," मंजू हळूच म्हणाली, "हे रेकॉर्ड झालं." दाजी टाळ्या वाजवत होते.

फोन तो ओरडता आवाज शिकला. त्या आवाजावर दाजी पुन्हा गादीवर बसले, आणि माझा आवाज गुलमंडीत नाव काढू लागला. मी छावणीच्या बाजारात भीत भीत मेथीचा भाव विचारला, तर भाजीवाली आवाज ओळखून म्हणाली, "फोनवाले शेटजी ना तुम्ही? घ्या बाबा काय द्यायचं ते देऊन. तुमच्याशी कोण भांडंल!" फुलंब्रीच्या चुलतभावाला दाजींनी फोन लावून त्याच्या मुलाच्या लग्नातली जिलबी चिवट होती असं माझ्या आवाजात ऐकवलं. त्यानं मीच बोललो असं समजून माझ्या बायकोला कौतुकानं कळवलं, "पाव्हण्यांना कंठ फुटला की!" नातेवाइकांत माझं वजन वाढलं. मी खुलासा केला नाही.

पुढं दुखणं परत आलं. दवाखान्यात दाजी माझ्या आवाजात नर्सना दटावत, आणि नर्स माझ्याकडे रागानं बघत. एका दुपारी आक्का त्यांच्या उशाशी बसली होती. दाजींनी बराच वेळ टाइप केलं. बोलायच्या बटणावर बोट नेलं, आणि थांबून माझ्याकडे पाहिलं. मला नेहमीप्रमाणं उशिरा कळलं: जे बायकोला सांगायचं होतं, ते तिच्या भावाच्या आवाजात निघालं असतं. मी उठलो. त्यांनी हातानंच बसा म्हटलं आणि फोन आक्कापुढं धरला. तिचा चष्मा घरी राहिला होता. तिनं माझ्या नाकावरचा काढून घेतला, सावकाश वाचलं, आणि म्हणाली, "व्हय. ठाऊक आहे मला." मला चष्म्याशिवाय त्यातलं एक अक्षरही दिसलं नाही.

दाजी त्याच आठवड्यात गेले.

फोन आक्काकडे आहे. ती तो चार्ज करून ठेवते, बोलता करत नाही. रविवारी मी तिच्याकडे जातो. ती म्हणते, "बोल काहीतरी." मी बोलतो.