मधला पुठ्ठा

माशांच्या दुकानात फायटर मासे एकेकटे बरणीत होते आणि दर दोन बरण्यांमध्ये पुठ्ठा उभा होता.

"याला दुसऱ्या माशांबरोबर ठेवता येईल का?" मी विचारलं.

"साधे, मळकट रंगाचे चालतात," दुकानदार म्हणाला. "याच्यासारखा दिसणारा मात्र नको." आणि मला दाखवायला म्हणून त्याने एक पुठ्ठा उचलला. दोन्ही मासे कल्ले फुगवून काचेवर धडकले.

माझा धाकटा भाऊ माझ्यासारखाच दिसायचा. तेच नाक, तोच आवाज, तोच हेका. त्याचं तोंड दिसू नये म्हणून मी आमच्या सामाईक गॅलरीत मधोमध पत्रा ठोकून घेतला होता.

मागच्या वर्षी तो गेला. पत्रा मी अजून काढलेला नाही. काढला तर पलीकडची त्याची खुर्ची दिसेल.