लाइन गेलीच नव्हती

सख्ख्या बहिणीलाही मी हे सांगितलेलं नाही. नवऱ्याला तर नाहीच — तो हसला असता, आणि ही गोष्ट हसण्यावारी गेलेली मला चालली नसती. तुम्ही माझे कोणी नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलते.

मुकुटबनला माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, फॉल, अस्तर, लेस. एवढंसं दुकान, वरती टिनाचं छप्पर, आणि उन्हाळा आमच्याकडचा. कूलरशिवाय माणूस भाजून निघतो. त्यात दुकानाच्या मीटरचा दर घरच्यापेक्षा चढा. मग काय नाही केलं मी? छपराला चुना फासला, जुन्या ट्यूबा काढून नव्या बसवल्या, दाराला ओलं गोणपाट लावलं. कूलर गिऱ्हाईक असेपर्यंत, आणि दुपारी घटकाभर माझ्यापुरता. बस. चेंगटपणाला काटकसर म्हटलं की किती बरं वाटतं, नाही?

पण मला सांगायचंय ते याडीबद्दल. तांड्यावरची माणसं आईला याडी म्हणतात. ही म्हातारी तर साऱ्या बाजाराचीच याडी झाली होती. उन्हाळ्यात सकाळी स्टँडवर टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, विकायची, आणि तांड्याकडे जाणारी दुपारची काळीपिवळी जीप सुटेपर्यंत माझ्या दुकानात कूलरसमोरच्या स्टुलावर येऊन बसायची. माझी आई मी लहान असतानाच गेली — त्यामुळे असेल, ती आली की मला बरं वाटायचं. चांगली पिकलेली टेंभरं पदरात राखून आणायची आणि माझ्या हातावर ठेवायची. केस विस्कटलेले दिसले की रागवायची. मला रागवणारं दुसरं होतंच कोण?

आणि तरीही — आता येते मी त्यावर. तरीही ती वळणावर दिसली, की माझा हात रॅकमागच्या मेन स्विचकडे जायचा. ती बसणार म्हणजे दोन तास कूलर चालणार, आणि घेणार काही नाही. नुसता कूलर बंद ठेवला तर का बंद ठेवला ते सांगावं लागतं. मेनच पाडला की काही सांगावं लागत नाही. आमच्याकडे लाइन गेली म्हटल्यावर कोण शंका घेणार?

"लाइन गेली ना वं याडी," मी म्हणायची.

ती काय करायची, सांगू? ब्लाउजपीसच्या खोक्यातला पुठ्ठा काढायची आणि वारा घालायची — मला. स्वतःला नाही. म्हणायची, "म्या तं जाईन घरी, झाडाखाली निजीन. तुले दिवसभर इथंच बसा लागते माय."

आणि मी घालू दिला वारा. डोळे मिटून घालू दिला. शेजारची विजेवरची गिरणी सुरू झाली की मात्र वाटायचं, हिला ऐकू तर येत नाही ना — चोराच्या मनात चांदणं. ती गेली की मेन पुन्हा वर.

एका दुपारी याडी बसलेली असताना एक बाई जांभळ्या साडीला फॉल घ्यायला आल्या. लग्नघर होतं, पिशवीभर साड्या. जांभळ्यात दहा छटा असतात, अंधारात मॅचिंग कसं होणार? गिऱ्हाईक हातचं जाईल, एवढंच माझ्या डोक्यात आलं आणि हात मागे गेला. ट्यूब लागली. कूलर घरघरला आणि गार वारा थेट याडीच्या तोंडावर आला. पुठ्ठा तिच्या हातातच होता.

"आली वाटते लाइन," ती म्हणाली. मला नाही — त्या बाईंना. मग पुठ्ठा खोक्यात नीट ठेवला आणि काळीपिवळीला वेळ असतानाच उठून गेली.

त्यानंतर ती समोरच्या निंबाखाली बसू लागली. तिथूनच हातानं विचारायची, जेवली का? मी मान हलवायची. दोन उन्हाळे असे गेले. मधला रस्ता तो केवढा — साधी हाक ऐकू जाईल एवढा. मी ओलांडला नाही.

गेल्या हिवाळ्यात ती वारली.

आता छपरावर सोलर आहे. बिलाची काळजी उरली नाही. कूलर दिवसभर चालतो आणि तिच्या रिकाम्या स्टुलावर वारा जात राहतो. मला तिची फार आठवण येते. एवढ्या गार हवेत बसून मला त्या पुठ्ठ्याचा वारा हवा असतो, टेंभरांचा वास असलेला. कोणाला सांगू हे?

परवा तिची सून अस्तर घ्यायला आली. कूलरपुढे उभी राहिली आणि नवलानं म्हणाली, "इथं तं गार हाय वं. याडी सांगे, त्या पोरीच्या दुकानात उन्हाळ्यात लाइनच राह्यत नाही. आपून जाऊन बसलो का तिलेच वाईट वाटते म्हने."

म्हणजे घरच्यांपुढेही तिनं माझं खोटं झाकून ठेवलं होतं. आणि मला पोरगी म्हणत होती ती — शेवटपर्यंत.

तेव्हा तरी खरं बोलता आलं असतं. समोर तिचंच माणूस उभं होतं, दुकानात दुसरं कोणी नव्हतं.

"हो ना," मी म्हटलं, "तवा लय जाये लाइन." आणि अस्तर कापून तिच्या हातात दिलं.