मर्जी विचारणारी सिस्टर

सुभद्राबाई सोनवणे नागपुरातल्या एका सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या. राहायच्या नंदनवन वस्तीत. ठेंगण्या, पण आवाज खणखणीत. सुईला घाबरणाऱ्या मोठ्या माणसालाही "लहान हायेस का गा?" म्हणून दटावायच्या. आई खेडोपाडी येशूची वार्ता सांगत हिंडायची, त्यामुळे पोर मिशनच्या बोर्डिंगात वाढली आणि तिथूनच नर्सिंगला गेली.

कुटुंबनियोजनाला त्यांचा विरोध मुळीच नव्हता. बाळंतपणांनी खंगलेल्या बायकांना त्या स्वतः समजावत, ऑपरेशनला हात धरून नेत. शहात्तर साली मात्र वारं फिरलं. आणीबाणी होती. दवाखान्याला नसबंदीचा कोटा ठरवून आला. शिबिराच्या दिवशी ट्रकमधून माणसं येऊ लागली. काही स्वतःहून आलेली, काही खाली मान घालून बसलेली. त्यांना तयार करून आत पाठवायचं काम सुभद्राबाईंचं.

एका शिबिरात एक म्हातारा म्हणाला, "बाई, माही बायको मरून वर्सं झाली. मले काहून आणलं?" त्याला त्यांनी डॉक्टरांना सांगून परत पाठवलं. पण बाकीच्यांना आपण विचारलंच नाही, हे त्यांच्या मनातून जाईना.

रविवारी उपासनेनंतर त्यांनी चर्चचे पाळक आनंदराव यांना गाठलं.

"पाळकसाहेब, सरकारचा हुकूम मोडणं पाप आहे का?"

आनंदराव सावध माणूस. "शास्त्र सत्तेला मान द्यायला सांगतं, बाई."

"आणि हुकूमच अन्यायाचा असला तर?"

"असं ज्याला त्याला वाटायला लागलं तर कसं चालेल? मनाला काय, रागही टोचतो, आळसही टोचतो. तो सगळा देवाचाच आवाज नसतो. आधी प्रार्थना करा. ज्याचं नुकसान होतंय त्याच्या जागी उभं राहून पाहा. त्यात तुमचा हट्ट किती, तेही तपासा."

"आणि तरीही टोचत राहिलं तर?"

"मग मीही तुम्हाला अडवू शकत नाही. तो आवाज दाबून देवापुढं उभं राहता येत नाही. पण जे भोगावं लागेल ते तुम्हालाच. चर्चची मंडळी मध्ये पडणार नाही."

घरी नवरा देवराव चिडला. तो छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. "डॉक्टर करून राहिले, सारे करून राहिले. तूच काहून उलटी चालतं वं?"

"डॉक्टरचं डॉक्टर पाहील. थो माणूस टेबलावर माह्या हातानं जाते," त्या म्हणाल्या. आठवडाभर त्या प्रार्थना करत होत्या, आणि स्वतःला उलटसुलट विचारत होत्या. उत्तर बदललं नाही.

पुढच्या शिबिरात पहिलाच आला नत्थू, सायकलरिक्षा चालवणारा तरुण पोरगा.

"तुही मर्जी हाये का गा?"

त्यानं मान हलवली. "सवारी हाये म्हणून बोलावलं अन् गाडीत टाकलं, बाई. उन्हाळ्यात लग्न झालं माहं. लेकरू नाही अजून."

सुभद्राबाई सरळ डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरही थकलेले होते. "सिस्टर, कोटा भरला नाही तर माझी नोकरी जाईल. जबाबदारी माझी. तुम्ही फक्त तयार करा."

"तुमची जबाबदारी तुमच्यापाशी, साहेब. माझी मला तुमच्यावर टाकता येत नाही. ज्याची मर्जी आहे त्याला आत्ता तयार करते. याला नाही करणार."

"हा हुकूम आहे."

"हो. आणि तो मी तुमच्या तोंडावर सांगून मोडते आहे."

"मग मी दुसऱ्या सिस्टरला बोलावतो."

"बोलवा. तोवर मी सगळ्यांना विचारते."

त्या व्हरांड्यात आल्या आणि अंगणात बसलेल्या माणसांना ओरडून म्हणाल्या, "ज्याची मर्जी नसन त्यानं घरी जा गा!"

कोणी हललं नाही. फाटकावरच्या शिपायानं काठी आडवी धरली होती. सुभद्राबाई पायऱ्या उतरून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"जमादार, हे कैदी आहेत का?"

शिपायानं खिडकीतल्या डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी तोंड फिरवलं. काठी हळूहळू खाली आली. आधी नत्थू निघाला, मग त्याच्यामागे बाकीचे. जे खरंच मर्जीनं आले होते, ते बसून राहिले. सुभद्राबाई परत आत गेल्या आणि त्यांना एकेक करून तयार करू लागल्या.

त्याच आठवड्यात दूर जंगलातल्या सिरोंचाला बदलीचा हुकूम आला. देवराव दोन दिवस धुसफुसत राहिला. मग त्यानंच होल्डॉल बांधला. "घर मी पाहतो," एवढंच म्हणाला. पावसाळ्यात सिरोंचाची वाट बंद व्हायची. महिनोन्महिने घरची खबर मिळत नसे. राजीनामा दे, असं देवरावनं दोनदा सुचवलं. त्यांनी दिला नाही. "चूक मी केली नाही, मग नोकरी मी काहून सोडू?"

सत्त्याहत्तरला सरकार बदललं, सक्ती थांबली. त्यांची बदली मात्र आणखी दोन वर्षं रद्द झाली नाही. नागपूरला परतल्यावर चर्चमधल्या कोणीतरी सगळ्यांसमोर त्यांची वाहवा केली, तेव्हा त्या चिडल्याच.

"एका फाटकातून चार माणसं गेली हो. बाकीच्या दवाखान्यांत त्याच दिवशी तिथल्या माणसांना कोणी मर्जी विचारली का, ते सांगा आधी."

आणि पर्स उचलून ड्यूटीवर गेल्या.