दोन मानपाडे, एक श्पेटलेजे आणि आईचं जर्मन पातेलं

सगळ्यात आधी सांगून टाकते, जर्मनीला मी गेलेले नाही. जर्मनी समजून घ्यायला मी मानपाड्याहून निघाले, बस आणि रिक्षा करून मानपाड्यालाच पोचले, तिथून कल्याणला गेले आणि संध्याकाळी परत मानपाड्याला आले. या प्रवासाला नऊ तास लागले. तेवढ्या वेळात विमानाने फ्रँकफर्ट आलं असतं, आणि तिथे निदान बाटली तरी मिळाली असती.

मी ठाण्याच्या एका हॉटेलात स्ट्युअर्ड आहे. वाइनची एक परदेशी परीक्षा असते, ती पास झाले तर वाइनचं काम माझ्याकडे येणार. ती जागा मला हवी होती. सहा वर्षं ट्रे उचलल्यावर हवीच असते. पहिल्या वेळी मी नापास झाले ते फक्त जर्मनीमुळे. फ्रान्स झालं, इटली झालं, जर्मनीला मात्र गाडी पंक्चर. मॅनेजरने स्पष्ट सांगितलं की यंदाही परीक्षा गेली तर ही जागा मुंबईच्या ब्रँचमधला माणूस आणून भरणार. परीक्षा रविवारी. हा सगळा वैताग झाला शुक्रवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी.

आता जर्मनीचा कायदा म्हणजे काय ते ऐका, म्हणजे माझा राग समजेल. तिथे उत्तम वाइनला पदव्या आहेत. काबिनेट, श्पेटलेजे, आउसलेजे, बेरेनआउसलेजे, आइसवाइन, आणि सगळ्यात वर ट्रोकनबेरेनआउसलेजे. हे शेवटचं एका दमात म्हणून दाखवा. त्यात लेबलवर ‘ट्रोकन’ लिहिलं की वाइन ड्राय, म्हणजे गोड नसलेली. मग ट्रोकनबेरेनआउसलेजे सगळ्यात ड्राय असणार, हो ना? मी परीक्षेत तसंच ठोकून दिलं, वर माशाच्या कालवणाबरोबर द्या असंही सुचवलं. ती जगातल्या सगळ्यात गोड वाइनपैकी एक निघाली. आमच्या वाइनच्या वर्गाचे डिसोझा सर वीस वर्षं क्रूझवर वाइन वाढून आलेले शांत गृहस्थ, पण माझं ते उत्तर ऐकून त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

सर म्हणाले होते की पाठ करून भागणार नाही, परीक्षेआधी एक तरी श्पेटलेजे नाकाखालून घाल. शिवाय नवा कायदा आलाय, तो वाच, आणि जुन्या बाटल्या अजून बाजारात आहेत म्हणून जुनाही वाच. या लोकांना दुसरे उद्योग नाहीत का?

तर शुक्रवारी सकाळी मी दुकानांना फोन लावत बसले. आई तिथेच मेथी निवडत होती. आमच्या घरी रोज संध्याकाळी बुद्धवंदना होते, आणि पंचशीलातलं पाचवं शील, म्हणजे मद्यापासून दूर राहण्याचं, म्हणताना आई डोळे किंचित उघडून माझ्याकडे बघते. मी तिला वचन दिलंय की वाइन तोंडात घेईन, पोटात नाही. चव घ्यायची आणि थुंकायची. जगभर असंच शिकतात, पण आईला जगाचं काही पडलेलं नाही. त्यामुळे फोनवर मी ‘वाइन’ शब्द टाळला आणि हळूच एवढंच विचारलं, “जर्मन आहे का?” चौथ्या दुकानवाल्याने आहे म्हटलं आणि मानपाड्याला या, सिग्नलच्या पुढे, असं सांगितलं. माझा आनंद गगनात मावेना. मानपाडा म्हणजे घरापासून दहा मिनिटं.

आई मेथीतून मान वर न करता म्हणाली, “जर्मनचं पातेलं आणू नकोस गं. एक आहे घरात तेच काळं पडतंय. स्टीलचं बघ.”

मी बरं म्हटलं. ॲल्युमिनियमला जर्मन म्हणणाऱ्या घरात मी जर्मनीचा अभ्यास करत होते.

डोंबिवलीचं मानपाडा ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: एका बाजूला एमआयडीसी, एका बाजूला कल्याण-शीळ रोड, मध्ये धूळ. फिरायला म्हणून येऊ नका. अकरा वाजता मी सिग्नलच्या पुढे गेले, मग मागे गेले, मग प्रत्येक ‘वाइन शॉप’मध्ये शिरले. वाइन शॉप नावाच्या दुकानात व्हिस्की असते, रम असते, बियर असते, चिवडा असतो, फक्त वाइन विचारली की मालक असा बघतो जसं तुम्ही मेडिकलमध्ये जाऊन वांगी मागितलीत. बाईने विचारली तर आणखी बघतो. एकाने आपुलकीने विचारलं की ताई, मिस्टरांसाठी का. मला मिस्टर नाहीत, परीक्षा आहे, असं म्हणून मी बाहेर पडले.

तासाभराने घामाघूम होऊन पुन्हा फोन लावला. दुकानवाला म्हणाला, अहो फ्लायओव्हरखालीच आहे. मी म्हटलं मानपाड्याला फ्लायओव्हर कुठून आला? तो म्हणाला, घोडबंदर रोडला, आणखी कुठे?

कपाळ माझं! ठाण्यातही एक मानपाडा आहे हे मला माहीत नव्हतं का? रोज ठाण्याला कामाला जाते मी. पण आपलं मानपाडा ते मानपाडा, दुसरं असलं तरी डोक्यात येत नाही. गंमत म्हणजे (तेव्हा अजिबात गंमत वाटली नाही) सर जर्मन लेबलांबद्दल नेमकं हेच शिकवत होते. गावाचं नाव आणि पुढे मळ्याचं नाव अशी दोन लेबलं अगदी सारखी दिसतात. एक असतं त्या गावातल्या एका खास मळ्याचं, आणि दुसरं आजूबाजूच्या दहा गावांचा माल एकत्र करून नामांकित गावाच्या नावाने विकलेलं. ओळखायचं कसं, तर पाठ करून. मला वर्गात हे कळलं नव्हतं. बसमध्ये कळलं. ठाण्यापासून कितीतरी लांब, खोणीपलीकडच्या टॉवरला बिल्डर ‘न्यू ठाणे’ म्हणतो, तसंच आहे ते.

मानपाड्याहून ठाण्याला जायचं तर शीळफाट्यावरून मुंब्रा बायपासने जाणारी बस बरी, पण मेट्रोच्या कामामुळे शीळ रोडवर किती वेळ जाईल ते देवालाही सांगता येणार नाही. मला शीळफाट्यापर्यंतच पाऊण तास लागला. पाण्याची बाटली जवळ ठेवा, सुटे पैसे ठेवा, खिडकी उजवीकडची धरा, बायपासवरून खाडी दिसते. ठाण्यात उतरून घोडबंदर रोडसाठी शेअर रिक्षा मिळते. चौथा माणूस पुढे बसवतात, तो तुम्ही होऊ नका.

दीड वाजता दुसऱ्या मानपाड्याला पोचले. दुकान चकाचक, एसी, काउंटरवर कडक इस्त्रीच्या शर्टातला माणूस. मी विचारलं, “जर्मन ड्राय आहे का?”

“ड्राय उद्या आहे मॅडम,” तो म्हणाला. “आज चालू आहे.”

उद्या ड्राय डे होता, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. म्हणजे आज मिळाली तर मिळाली, नाही तर रविवारी पुन्हा अंदाजपंचे. मी त्याला नीट समजावलं की ड्राय म्हणजे दिवस नाही, वाइनची चव. तो फ्रिजकडे गेला आणि जर्मन बियरचे चार कॅन माझ्यापुढे मांडले. फोनवर तुम्ही जर्मन म्हणालात, वाइन कुठे म्हणालात? चूक माझीच होती, त्यामुळे भांडताही येईना. मला रडू येत होतं, खरंच. त्याने ते पाहिलं असावं. कल्याणला साडूचं दुकान आहे म्हणाला, फोन लावला, आणि एक बाटली निघाली. स्पेलिंग विचारलं तर साडूने ‘एस पी ए टी’ असं सुरू केलं, ‘ए’च्या डोक्यावर दोन टिंबं आहेत म्हणाला. मी त्याला म्हटलं, हलवू नका, मी येतेय.

ठाण्याहून कल्याणला मी एसटीने गेले, भिवंडी बायपास, कोनगाव, दुर्गाडी पूल. बायपासला ट्रकांच्या मागे अर्धा तास उभं राहायची तयारी ठेवा. स्टँडसमोर भजीपाव खाल्ला, गरम होता, वीस रुपयांत दिवसातली एकमेव चांगली गोष्ट. साडूंच्या दुकानात बाटली काचेच्या शोकेसमध्ये ठेवलेली, थेट पश्चिमेच्या उन्हात, बाजूला प्लास्टिकची द्राक्षं. मी विचारलं किती वर्षं आहे ही इथे. ते अभिमानाने म्हणाले, दुकान उघडलं तेव्हापासून. वाइन उन्हात ठेवत नाहीत हे सांगायचं त्राण माझ्यात नव्हतं. मद्याचा एक दिवसाचा परवाना तिथेच फाडून मिळाला, अठ्ठावीसशे रुपये मोजले. लेबलवर ट्रोकन लिहिलेलं नव्हतं आणि अल्कोहोल फक्त आठ टक्के. हे लक्षात ठेवा, परीक्षेत येतं: अल्कोहोल इतकं कमी म्हणजे साखर बाटलीत शिल्लक आहे, वाइन गोड असणार.

पत्रीपुलावरून शीळ रोडने घरी पोचले तेव्हा आठ वाजले होते. दारातून वंदना ऐकू आली. बाटली घेऊन आत जायची हिंमत झाली नाही. संपेपर्यंत जिन्यात बसून राहिले, बाटली ओढणीत गुंडाळून.

आत गेल्यावर आईने आधी बाटली पाहिली, मग मला पाहिलं. मी म्हटलं थोडी थंड करावी लागेल. फ्रिजमध्ये नाही, ती म्हणाली, तिथे अन्न असतं. मग तिनेच फळीवरून ते काळं पडलेलं जर्मनचं पातेलं काढलं, पाणी ओतलं, बर्फ टाकला आणि बाटली त्यात उभी केली. अर्ध्या तासाने मी ग्लास आणि थुंकायला स्टीलचा तांब्या घेऊन वही उघडली.

बाटली रीसलिंग नावाच्या द्राक्षाची होती, आणि जुन्या रीसलिंगमध्ये पेट्रोलचा वास येतो असं पुस्तकात आहे. मी हुंगलं. आला की! पण खिडकी उघडी, आणि एमआयडीसीकडून रोज याच वेळी कसला ना कसला वास येतो. खिडकी लावली. आता माझ्या नाकाचाच भरवसा वाटेना. दोन वर्षांची मेहनत आणि मला रीसलिंग कुठे संपते आणि डोंबिवली कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. मी वही आपटली आणि म्हणाले की मला नाही जमणार हे, बसू दे मुंबईचा माणूस माझ्या डोक्यावर.

आई उठली. ग्लास तिने हातात घेतला नाही, मी धरला होता तिथेच वाकून वास घेतला.

“रॉकेल,” ती म्हणाली. “आणि बेदाण्याची शेड.”

माझी आई तासगावकडची. लग्नाआधी चार हंगाम तिने बेदाण्याच्या शेडवर काम केलंय, दुसऱ्याच्या द्राक्षांवर. हे मला माहीत होतं, पण घरातल्या गोष्टी माहीत असतात तसं, कधी विचारलं नव्हतं. तिने विचारलं नक्की कशात अडतंय. मी चिडूनच त्या पदव्या वाचून दाखवल्या आणि अर्थ सांगितले. लेजे म्हणजे वेचणी. श्पेट म्हणजे उशिराची. आउसलेजे म्हणजे निवडून वेचलेली. बेरेन म्हणजे...

“मणी,” आई म्हणाली. “आधी घड निवडायचे, मग एकेक मणी निवडायचा, मग वेलीवरच सुकलेला मणी. आम्हीपण तसंच करायचो, आमचा जाळीवर सुकायचा एवढंच. सुकलेला मणी गोडच असणार ना?”

मी म्हटलं, मग श्पेटलेजे कधी गोड, कधी ड्राय, असं का? हा काय कायदा झाला?

“अगं, गोडी वेलीवर मोजतात. मालक मणी चावून बघायचा, मग तोडा म्हणायचा. पुढे कुणी त्याचं काय करतंय, ते करणाऱ्याच्या हातात.”

दोन वर्षं, एक जाडजूड पुस्तक, डिसोझा सरांचा चष्मा. आणि जर्मनीचा अख्खा कायदा माझ्या आईने ग्लासाला हातही न लावता दोन वाक्यांत सांगितला. मला आनंद व्हायला हवा होता. मला भयंकर राग आला, आधी का नाही सांगितलंस म्हणून. तू कधी विचारलंस, ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

मी चव घेतली, तांब्यात थुंकले, आईच्या देखत. मध, जर्दाळू, रॉकेल. सगळं लिहून काढलं. मग उरलेली बाटली बेसिनमध्ये ओतायला उठले, कारण या घरात ती राहणार नाही हे ठरलेलंच होतं. आईने माझं मनगट धरलं. म्हणाली, ओतू नकोस. पिऊ पण नकोस.

रविवारी परीक्षेला ट्रोकनबेरेनआउसलेजे आली. मी ‘सुकलेले, निवडलेले मणी’ हे आधी मराठीत कोपऱ्यात लिहिलं आणि मग इंग्रजीत उत्तर. पास झाले. जागा मिळाली, कोटावर द्राक्षाच्या घडाची पिनही मिळाली. आमच्या हॉटेलच्या यादीत जर्मन वाइन एकही नाही, हे मला त्यानंतर कळलं. असो.

तुम्हाला जर्मन वाइन शिकायची असेल तर माझा सल्ला एवढाच, की मानपाडा म्हटल्यावर कुठलं ते आधी विचारा. ती बाटली अजून आमच्याकडे आहे, तांदळाच्या डब्यामागे, त्या पातेल्यात, झाकण घट्ट लावलेली. परवा मी आईला म्हटलं की एव्हाना आंबली असेल, टाकूया आता. तिने पातेलं थोडं आत सरकवलं.

“राहू दे,” ती म्हणाली. “कुठल्या तरी बाईने वेचलंय ते.”